फ्रिजवरच्या सह्या

६ सप्टेंबर, शनिवार

ही वही ताईने मला विमानतळावरच हातात दिली, त्याला आज सतरा दिवस झाले. रोज दोन ओळी लिही म्हणाली, डोकं जाग्यावर राहतं. मी हो म्हणालो आणि वही उशीखाली सारली. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा झोप आली होती. मग इथे पुंगोलला, ताईच्या घराखालच्या कालव्यात पाणमांजरं दिसली, आईबाप आणि तीन पोरं, त्यांच्यामागे काठाकाठाने चालण्यात चार दिवस गेले. वही काय कोण वाचणार नाहीये, म्हणून खरं कारण लिहितो. लिहायला बसलो की सारंगबद्दलच लिहिलं जाणार हे मला माहीत होतं.

तर सारंग. अनघाताईचा मानलेला भाऊ. रत्नागिरीचा, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. दोन जहाजांच्या मधले महिने तो ताईकडेच राहतो. आणि मी प्रतीक, सख्खा, एका आईचा, साताऱ्याहून आलेला. सख्खा भाऊ जमिनीवर गादी टाकून झोपतो आणि मानलेला पलंगावर, कारण खोलीचं नावच मुळात ‘सारंगमामाची खोली’ आहे. तो म्हणाला होता पहिल्या दिवशी, तू वर झोप. मी नको म्हणालो. उपकार नकोत.

जाई, माझी भाची, आठ वर्षांची. तिने विचारलं, ‘तू कोणता मामा?’

‘मी खरा मामा.’

‘सारंगमामा इज ऑल्सो रियल, लाह,’ इथल्या बोलीत म्हणाली आणि गेली खेळायला.

९ सप्टेंबर

आज स्वयंपाकघरात सभा भरली होती. विषय चिमणी.

ताई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. पुंगोल, सेंगकांग, आंग मो किओ, या शहरातल्या सगळ्या भागांतल्या मराठी घरांत तिची चकली जाते. मी व्हिजिट पासवर आहे म्हणून मला ऑर्डरीच्या कामाला हात लावू देत नाही, नियमात बसत नाही म्हणे. मी एक चकली उचलली तरी म्हणते, ‘ही खाण्यासाठी ना? मग चालेल.’

फ्लॅट घेतला तेव्हा विश्वासदाजींनी चिमणी खास पुण्याहून मागवली होती, सामानाच्या कंटेनरमधून. इथल्या चिमण्यांना आपली फोडणी झेपत नाही असं त्यांचं मत. त्याच कंटेनरमधून दोन पाट, पाटावरवंटा आणि आईने दिलेली पितळी कळशी आली. दाजी आयटीत मॅनेजर आहेत, त्यांना चिमणीवरचं एक बटण फार आवडतं. ऑटो-क्लीन. दाबलं की आतलं तेल वितळून खालच्या वाटीत जमा होतं. वाटी ओतून टाकायची की झालं.

सारंग स्टुलावर चढला, वरच्या कपाटाचं दार उघडलं, चिमणीतून खिडकीकडे जाणाऱ्या पाइपची कड सोडवली आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळं कुळकुळीत, काकवीत बुडवल्यासारखं.

‘दाजी, हे बघा.’

‘अरे पण ऑटो-क्लीन आहे ती!’

‘मशीन स्वतःला साफ करतं. पाइपला कोण करणार? पाच वर्षं झाली, कुणी उघडलाय?’

ताई म्हणाली, ‘मला तर वाटायचं वाटी ओतली की संपलं.’

‘हे जे वळण आहे ना, इथे तेल साचतं. खाली कढई पेटली तर जाळ वर ओढला जातो, आणि वर हे तयारच आहे. जहाजावर आम्ही दर आठवड्याला टॉर्च मारतो पाइपात. मग सही करतो. सही म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं.’ मग म्हणाला, ‘एकाने न बघता केली होती एकदा.’ असं म्हणून मनगट चोळत बसला. मनगटावर भाजल्याचा मोठा डाग आहे. बाह्या नेहमी दुमडलेल्या ठेवतो, डाग सगळ्यांना दिसावा म्हणून. असली नाटकं मला कळतात.

मग दोन तास त्याने हात पोचेल तेवढा पाइप पुसला. वळणापर्यंत हात जात नव्हता. ताईने त्याला तीनदा चहा दिला. मला एकदा, तोही त्याच्यातला उरलेला.

१२ सप्टेंबर

सारंग गेला! जहाज पकडायला. थेट जानेवारीत परत येणार.

जायच्या आधी फ्रिजवर एक तक्ता चिकटवून गेला. दर रविवारची तारीख, मग जाळ्या धुतल्या, वाटी ओतली, वळणात टॉर्च मारली, आणि शेवटी सही. खाली एक फोन नंबर, आंग मो किओचा कुणी को अंकल, चिमण्या साफ करणारा. आणि स्वयंपाकघराच्या दारामागे एक लाल पाकीट टांगलं, त्यात आगीवर टाकायची चादर. दोन पट्ट्या ओढल्या की बाहेर येते म्हणे. जाईला चारदा ओढायला लावलं, मलाही एकदा.

मग तक्त्यावर टिचकी मारून मला म्हणाला, ‘प्रतीक, हे तू बघशील ना? ताईला वेळ नसतो, दाजींचा बटणावर विश्वास आहे. तूच एक आहेस.’

मला काय, मी हो म्हणालो. सगळ्यांना कामं वाटत फिरतो, घर याच्या बापाचं असल्यासारखं.

एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या लोकलच्या, स्टेशनवर ताई रडली. मी हिमाचलला गेलो तेव्हा ती रडली होती का आठवायचा प्रयत्न केला. तेव्हा आम्ही फोनवरच बोललो, त्यामुळे दिसलं नसणार.

आज पलंगावर झोपतोय. गादी मऊ आहे. उशीला त्याच्या तेलाचा वास येतो.

१४ सप्टेंबर, रविवार

स्टुलावर चढलो होतो. टॉर्चही हातात होती. वरच्या खिडकीतून कालव्याचा तुकडा दिसतो, आणि तिथे पाणमांजराच्या पोराने जवळजवळ स्वतःएवढा मासा धरला होता. मी खाली पळालो. दोन तास गेले. परत आल्यावर वाटी ओतली आणि सही केली. वळणात पुढच्या रविवारी दोन्हीचं मिळून बघीन.

२८ सप्टेंबर

मधले दिवस काही झालं नाही. एलआरटीत बसून चक्कर मारली. ती गोल फिरते, उतरायलाच लागत नाही, माझ्यासारख्या माणसासाठीच केलीय. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, एका म्हाताऱ्याकडून कॉफी उंचावरून ओढत ओतायला शिकलो, अर्धी पायावर गेली.

आज ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘रविवार आहे रे, सारंगचा तक्ता?’

सारंगचा तक्ता. मी करायचं, नाव त्याचं. डोक्यात सणक गेली. पेन घेतलं आणि राहिलेल्या सगळ्या रकान्यांत सह्या ठोकून दिल्या, पार २६ ऑक्टोबरपर्यंत. आता कुणी विचारायला नको. तसाही पाइप त्याने आत्ताच पुसलाय, महिन्यात काय आभाळ कोसळणार आहे?

ताईने जाता जाता बघितलं. ‘सही छान आहे तुझी. सगळ्या कशा एकसारख्या.’

शाळा सुटल्यावर माझ्या अक्षराला पहिल्यांदाच कुणीतरी छान म्हणालं.

१ ऑक्टोबर

जहाजावरून सारंगचा मेसेज, फक्त मला. ‘तळणं सुरू व्हायच्या आत वळण उघडायलाच हवं. को अंकलला शनिवारी सकाळी यायला सांगितलंय. तू फक्त घरी थांब.’

म्हणजे बघा. शनिवारी अंकल येणार, ताई म्हणणार, बघ कसं समुद्रातून लक्ष ठेवतो माझा भाऊ, जाई म्हणणार सारंगमामा कॅन डू. आणि मी काय, दार उघडणारा.

मी को अंकलला फोन केला. ‘अंकल, सॅटर्डे नो नीड. ऑलरेडी क्लीन.’

‘शुअर आह? यू चेक द बेंड?’

‘चेक, चेक.’

‘ओके लोर.’

फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं. अर्धा तास. मग भूक लागली.

५ ऑक्टोबर

ताई भाजणी चाळत होती. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, हा सारंग तुला सापडला कुठे?

ती म्हणाली, ‘इथे आल्यावर पहिली तीन वर्षं भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं.’

भाऊ जवळ नसला की बाया चंद्राला ओवाळतात, आजी सांगायची. पण ते ज्यांना भाऊच नाही त्यांच्यासाठी, असं मला वाटायचं.

‘मी फोन करायचे तुला. एकदा तू गोव्यात होतास, एकदा रेंज नव्हती. आणि आपल्या खिडकीतून पश्चिम दिसत नाही, म्हणून तबक घेऊन खाली कालव्यावर जायचे. तिसऱ्या वर्षी ढग होते. निरांजन वाऱ्याने सारखं विझायचं आणि मी आपली काड्या ओढतेय. शेजारच्या बाकावर एकजण बसला होता. मराठीत म्हणाला, ताई, चंद्राला आज सुट्टी आहे, बदली कामगार चालेल का?’

असं म्हणून ती इतकी हसली की चाळणी हातातून सुटली. मीही हसलो. मला तो विनोद अजिबात आवडला नाही. असले विनोद मलाही सुचतात. फक्त मी त्या बाकावर नव्हतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर कसंही येईल.

दुपारी तीन वाजता. ताईचा शेवटचा घाणा होता. चकल्या काढून झाल्या, कढई तशीच मोठ्या गॅसवर, आणि ऑर्डर न्यायला बाई आल्या म्हणून ताई दारात गेली. दारात बोलणं लांबलं, साताऱ्याचीच निघाली ती बाई. मी हॉलमध्ये लोळत होतो. जाई ओरडली, ‘मामा! स्मोक!’

आत गेलो तर कढई पेटलेली. जाळ सरळ उभा, चिमणी त्याला वर ओढून घेत होती, घुर्र घुर्र आवाज करत. माझा हात आधी पाण्याच्या भांड्याकडेच गेला, खोटं कशाला लिहू. जाई किंचाळली, ‘नॉट वॉटर! द रेड वन!’ मी लाल पाकिटाच्या पट्ट्या ओढल्या, चादर अंगापुढे धरली, कढईवर टाकली, गॅस बंद केला, चिमणीचं बटण बंद केलं. खालचा जाळ गेला. पण वर कपाटात तडतड चालूच होती. पाइप आतून जळत होता. कपाटाच्या पांढऱ्या दारावर तपकिरी डाग उमटला आणि आपल्या डोळ्यांदेखत मोठा होत गेला. मी जाईला उचललं आणि ताईला ढकलत बाहेर नेलं.

शेजारच्या आंटीने फोन केला होता. अग्निशमनवाले लगेच आले, दहा मिनिटांत सगळं विझलं. त्यांच्यातल्या एकाने पाइप उतरवून वळण सिंकमध्ये उपडं केलं. त्यातून जे पडलं ते मी इथे लिहीत नाही. वाटीभर तरी होतं.

‘लास्ट क्लीन व्हेन?’ त्याने विचारलं.

ताईने मान ताठ करून फ्रिजकडे हात केला. ‘माय ब्रदर चेक्स एव्हरी संडे. सी, ही साइन्स.’

तो तक्त्यापाशी गेला. सगळ्यात खालच्या सहीवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं. हसल्यासारखं केलं. का ते कळलं नाही. ताईही तिथे जाऊन उभी राहिली. मग तिने तक्ता काढला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. धुराने खराब होईल म्हणून असेल.

१८ ऑक्टोबर

मी हिरो झालोय. दाजींनी ऑफिसात सांगितलं. आईचा साताऱ्याहून फोन, रडत होती, म्हणाली माझा प्रतीक मुळात वाईट नव्हताच. (म्हणजे काय?) जाईने चित्र काढलंय, त्यात माझ्या खांद्याला लाल चादर आहे आणि मी उडतोय. वर लिहिलंय, माय रियल मामा.

दोन महिने मला हेच हवं होतं. चित्र फ्रिजवर लावलंय, बरोबर तक्ता होता तिथेच. रात्री पाणी प्यायला जातो तेव्हा मी फ्रिजकडे पाठ करून पितो.

राहिलेल्या ऑर्डरी ताईने फोन करून रद्द केल्या. प्रत्येकाला म्हणत होती, ‘माणसं वाचली, बाकी काय.’ माणसं म्हणजे जाई. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हे मला आज दुपारी एकदम आठवलं आणि जेवण जाईना.

२१ ऑक्टोबर

ड्रॉवरमध्ये कात्री शोधत होतो. तक्ता हाताला लागला. उलगडला.

१९ ऑक्टोबर, सही. २६ ऑक्टोबर, सही.

आग लागली १६ तारखेला.

म्हणजे तो अग्निशमनवाला या पुढच्या तारखांना हसला. आणि ताई तिथेच, त्याच्या शेजारी उभी होती. तिने बघितलं असेल का? बघितलं असतं तर बोलली असती. ताई सगळं बोलते. मीठ कमी पडलं तरी बोलते. नसेलच बघितलं.

संध्याकाळी ती बाल्कनीत कुणाशी तरी इंग्रजीत फोनवर बोलत होती. आधी हसत होती, मग नुसतं ‘आय सी, आय सी’. अजून एखादी ऑर्डर गेली असणार. आत आली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘जेवलास का?’

‘हो.’

‘काही सांगायचंय?’

‘नाही. का?’

‘काही नाही,’ म्हणाली, आणि माझ्या ताटलीत वाचलेल्यातल्या दोन चकल्या ठेवल्या.

२२ ऑक्टोबर

सारंगला सगळं लिहून पाठवलं. सह्या, को अंकल, सगळं. आधी लांबलचक लिहिलं होतं, त्यात पाणमांजरंही आली होती, मग खोडून चार ओळी केल्या. वाटलं होतं शिव्या घालेल. खरं म्हणजे घालाव्यात असं वाटत होतं, म्हणजे परत राग धरता आला असता.

दुपारी उत्तर आलं. ‘न बघता सही करणारा तो एक मीच होतो. आमच्या कुकचे दोन्ही हात गेले. तुमच्याकडे सगळे नीट आहेत ना? ताईला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे.’

बाह्या तो का दुमडून ठेवतो, ते आता कळल्यासारखं वाटतं.

मग मी चिमणीच्या जाळ्या काढल्या. कढत पाणी, सोडा, जुना ब्रश. तीन तास लागले आणि नखं अजून काळी आहेत. आयुष्यात एक काम मी मधेच न उठता केलं. कालव्यावरून जाईची हाक आली, ‘मामा, ऑटर्स!’ तरी उठलो नाही. संपल्यावर तक्ता काढला, माझ्या सगळ्या सह्यांवर काट मारली आणि खाली आजची तारीख घालून लिहिलं, ‘फक्त जाळ्या धुतल्या. पाइप नाहीच.’ मग सही. ही सही वाकडी आलीय.

तक्ता परत ड्रॉवरमध्येच ठेवला. फ्रिजवर लावायला हात गेला होता, पण उद्या भाऊबीज. उद्या ओवाळून झालं की सांगतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सहा वाजलेत. नवा शर्ट घालून खोलीत बसलोय. बाहेर ताई रांगोळी काढतेय.

मगाशी तिने एकच पाट मांडला. म्हणाली, ‘या वर्षी चंद्र नको, बदली कामगार नको, माझा सख्खा आहे.’ सात वर्षांनी मला ती ओवाळणार आणि मी कोण म्हणून बसणार त्या पाटावर? ओवाळून झाल्यावर सांगितलं तर ती चोरीच झाली. आधी सांगितलं तर ती तबक खाली ठेवेल. ठेवलं तर ठेवलं.

मी उठून दुसरा पाट आणला, माझ्या शेजारी मांडला, त्यावर सुपारी ठेवली. ‘सारंगचा,’ म्हणालो. ताईने माझ्या काळ्या नखांकडे बघितलं.

ड्रॉवरमधून तक्ता काढून खिशात ठेवलाय. वही मिटतो आणि जातो. ओवाळायच्या आधीच सांगणार. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार...

बेल वाजली. दाजी इतक्या लवकर येत नाहीत.

ताईने दार उघडलं. शिडी भिंतीला आपटल्याचा आवाज. आणि एक आवाज, जो मी एकदाच फोनवर ऐकलाय. ‘मिसेस अनघा? यू कॉल मी फॉर द न्यू पाइप. द बॉय, इनसाइड आह? द चेक-चेक बॉय?’

को अंकल.

म्हणजे परवा बाल्कनीत ती त्याच्याशी बोलत होती. म्हणजे मी त्याला नको म्हटल्याचं परवापासून तिला माहीत आहे. नाही, सह्यांचं तर सोळा तारखेपासून. आणि तरी तिने आज पाट मांडला.

जाई अंकलला सांगतेय, शूज काढा, रांगोळीवर पाय देऊ नका. अंकल विचारतोय, दोन पाट का, दुसरा कोणासाठी?

‘प्रतीक,’ ताई हाक मारतेय, ‘बाहेर ये. अंकलना तूच सांग.’